पाठभेदांचे दप्तर

करकंबच्या माणसाला पंढरपूर दूर नाही आणि ज्ञानेश्वरीही दूर नाही. परंतु आपण पारायणात वाचतो तो पाठ कोणाच्या हातून आला, हे आपण सहसा विचारीत नाही. शके १२१२ मध्ये ग्रंथ पुरा झाला. पुढे तीनशे वर्षे त्याच्या नकला होत राहिल्या. नकलणाऱ्याने कुठे शब्द सोपा केला, कुठे ओवी वाढविली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी भर घालू नये, अशी ताकीदही दिली. उपकार मोठेच. तथापि त्यांनी कोणता शब्द काढला, कोणता ठेवला आणि का, याची टाचणे आपल्या हाती नाहीत. म्हणूनच १९०९ साली राजवाड्यांनी त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, तेव्हा वाद माजला. ताडून पाहावयास नोंदच नव्हती.

नोंद ठेवून दुरुस्ती कशी करावी, ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने दाखविले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९६६ मध्ये संपले. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर त्याचे प्रमुख होते. १९४३ मध्ये ते गेले आणि काम डॉ. बेलवलकर व डॉ. प. ल. वैद्य यांनी तडीस नेले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या जमविल्या. प्रचलित पाठाखाली एकेका पोथीचा पाठ अक्षराखाली अक्षर मांडला. निवड संपादकांची, पण टाकलेला पाठही पोथीच्या खुणेसह तळटीपेत छापलेला. ज्याला निवड पटत नाही, त्याने तळटीप वाचून भांडावे!

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. लिनक्स घडविणारे जे हत्यार फुकट वापरीत, त्याची सवलत मालक कंपनीने २००५ मध्ये काढून घेतली. (सवलत आणि हक्क यांतला फरक आम्हा युनियनवाल्यांना नव्याने सांगावयास नको.) त्या एप्रिलात लायनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिले, ते सर्वांना खुले.

सुरुवात सोपी आहे. आपले नाव व ई-मेल गिटला एकदा सांगून ठेवावे. कागद ज्या फोल्डरात आहेत तेथे ‘गिट इनिट’ अशी आज्ञा दिली की आत एक लपलेले दप्तर तयार होते. ते कोरेच असते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. ‘गिट ॲड’ने फाइली निवडून पुढे कराव्या लागतात, ‘गिट कमिट’ने नोंद पक्की होते. तिच्याबरोबर काय बदलले आणि का, ते लिहावयाचे असते. येथेच माणसे ‘दुरुस्ती’ एवढे लिहून मोकळी होतात. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून निघालेली चाळीस अक्षरांची खूण मिळते आणि तीत मागच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. जुने पान गुपचूप बदलले तर पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. नाव मात्र जो जे सांगेल ते लिहिले जाते.

मागणीपत्राचे आमच्याकडे दहा-दहा मसुदे होतात. शेवटच्यात बदली कामगारांचे कलम गळालेले निघते आणि ते कोणी गाळले हे कोणालाच ठाऊक नसते. कलम गेले की त्या माणसांची वर्षे जातात. असा मसुदा दप्तरात ठेवावयाचा तर साध्या टेक्स्ट फाइलीत लिहावा. मराठी त्यात बिनधोक राहते आणि कोणती ओळ कोणत्या दिवशी, कोणाच्या नावावर गेली, ते ‘गिट लॉग -पी’ म्हटले की समोर येते.