लक्ष्मीबाई टिळक : एका ख्रिस्ती मातेची श्रद्धा

वसईपासून केळवे-माहीम, पालघर, बोईसर-तारापूर असे करीत डहाणूपर्यंत जाणारी किनाऱ्याची पट्टी आज पालघर जिल्ह्यात मोडते. या पट्टीत ख्रिस्ती धर्म मुख्यतः दोन वाटांनी आला. पहिली वाट पोर्तुगीजांची. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख त्यांच्या हाती गेला, आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी तारापूर व वसई जिंकून घेईपर्यंत त्यांचा अंमल येथे चालला. दुसरी वाट अमेरिकेतील ब्रेदरन पंथाच्या मिशनची. विसाव्या शतकाच्या आरंभी या मिशनने डहाणूस, व पुढे पालघरासही, आपले काम मांडले. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रेदरन मंडळ्याही तीत सामील झाल्या.

तह, किल्ले व मिशने यांची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. परंतु धर्म घरात टिकून राहतो तो बहुधा आईच्या व आजीच्या आधाराने. सांजवेळची प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी जागविलेली रात्र, दारी आलेल्याला दिलेला घास, या गोष्टींची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणूनच ज्या एका ख्रिस्ती मातेने आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली, तिचे मोल फार मोठे आहे. ती माता म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर, या किनाऱ्यापासून दूरचे. पण त्यांचे पती नारायण वामन टिळक यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत सर्वत्र रुळलेली असल्यामुळे, त्यांचे घर या किनाऱ्यावरील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना परके नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. आजोळच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली होती, आणि त्या आघाताची छाया घरावर कायम पडली होती. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. बाजारातून आलेले मीठ-साखरदेखील धुऊन घ्यावयाची, असा त्यांचा कडक दंडक. अशा घरात वाढलेली ही मुलगी 1880 साली टिळकांची पत्नी झाली. शाळा तिने पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हट्टामुळे. टिळक कवी, उदार, शीघ्रकोपी आणि फिरस्ते. आज येथे, उद्या कोठे, याचा नेम नसे.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळी एका ब्राह्मण स्त्रीवर ओढवलेला हा प्रसंग वैधव्याहून फारसा वेगळा नव्हता. पती हयात, आणि तरीही संसार बुडालेला. जवळ चार वर्षांचा मुलगा दत्तू. आप्तांच्या आश्रयाने पंढरपूर व नाशिक येथे त्यांनी दिवस काढले. त्याच दुःखात त्या पद्यरचना करू लागल्या. पुढे त्या नगरास पतीकडे परतल्या, पण धर्म सोडून नव्हे. चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे पूर्ववत. टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही, ही गोष्ट दोघांच्याही लौकिकात भर घालणारी आहे.

त्यांच्या मनाचे परिवर्तन ज्या क्रमाने झाले, तो क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी बाप्तिस्मा आणि मग जातिभेदाचा त्याग, असे घडले नाही. देवाने माणूस निर्माण केला. जाती माणसाने केल्या. मग कोणाच्या हातचे पाणी वर्ज्य कसे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करून टाकला. ज्या घरात मीठही धुऊन घेत, त्या घरच्या लेकीचा हा निश्चय होता. धर्मांतर त्यानंतरचे. 1900 साली राहुरीस त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. त्यांची श्रद्धा पतीच्या पाठोपाठ आलेली नव्हती, की वादविवादात हरल्यामुळे स्वीकारलेली नव्हती. पाण्याच्या भांड्यापासून सुरू झालेला तो त्यांचा स्वतःचा विचार होता.

श्रद्धेची कसोटी पुढे कृतीत लागली. टिळकांचे घर म्हणजे अनाथ व निराधार मुलांचे माहेरघर; पैसा मात्र हातात टिकत नसे. घर चालवावयाचे ते लक्ष्मीबाईंनी. प्लेगच्या साथीत, लोक आपल्याच माणसांपासून दूर पळत असता, त्या आजारी मुलींबरोबर प्लेगच्या छावणीत जाऊन राहिल्या. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचे काम सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ आरंभिला, तेव्हा संसाराची घडी पुन्हा विसकटली. 9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते; ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जिला शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता, तिने एका नामवंत कवीचे महाकाव्य तडीस नेले.

आणि तरीही त्यांचे नाव अमर झाले ते ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेने. या ग्रंथाचा उगम अगदी घरगुती आहे. देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करीत होते. त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. आई लिहू लागली ती बोलते तशीच : साधी भाषा, स्वतःची थट्टा करणारा विनोद, कोणाविषयी कडवटपणा नाही. पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला; 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे निघाला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या या ग्रंथाची साक्षेपाने आवृत्ती सिद्ध केली. मुलाने विचारले, आईने सांगितले, नातवाने जतन केले. तीन पिढ्यांच्या या साखळीतील पहिला दुवाच निसटला असता, तर मराठी वाङ्मय एका अनमोल ग्रंथाला मुकले असते.

पालघरच्या उपासनामंदिरात, तारापूरच्या जुन्या वस्तीत, बोईसरला नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत, आजही अशा वृद्ध माता आहेत. दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य, आप्तांचा दुरावा यांतून त्यांनी आपली श्रद्धा कशी तगवली, हे त्या आपण होऊन सांगत नाहीत. स्वतःचे आयुष्य सांगण्याजोगे आहे, असे त्यांना वाटतच नाही. लक्ष्मीबाईंनाही प्रथम पतीच्याच आठवणी लिहावयाच्या होत्या. दत्तूने आईला विचारले, ते ती हयात असताना विचारले. या कथेतून प्रत्येक घराने घ्यावयाचा बोध तो हाच.