'एल. ए. न्वार': मुद्रा, शब्द आणि श्रेय

'एल. ए. न्वार' हा गुन्हे-अन्वेषणाचा व्हिडिओ गेम मे २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने प्रसिद्ध झाला. सिडनी येथील टीम बाँडी या संस्थेने तो रचला व रॉकस्टार गेम्सने प्रकाशित केला. त्यातील लॉस अँजेलिस १९४७ सालचे असून कोल फेल्प्स हा पोलीस अधिकारी त्याचा नायक आहे. नटांच्या मुद्रा ३२ कॅमेऱ्यांनी टिपून पात्रांना दिल्या होत्या. साक्षीदाराची नजर ढळली की तिचा अर्थ खेळणाऱ्याने लावावयाचा, हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय.

तिचा मुख्य दोष मात्र भाषिक आहे. जबानीच्या वेळी 'सत्य', 'शंका' व 'असत्य' हे तीन पर्याय येत. तिन्ही शब्द साक्षीदाराच्या विधानाविषयीचे मत सांगतात. फेल्प्स काय बोलेल, हे सांगत नाहीत. त्यामुळे खेळणाऱ्याने सौम्य हेतूने 'शंका' निवडावी आणि फेल्प्सने एकाएकी दरडावू लागावे, असे घडे. २०१७ च्या आवृत्तीत 'भला पोलीस', 'कडक पोलीस' व 'आरोप' ही नावे आली. मताच्या जागी वर्तनाचा निर्देश झाला. मूळ योजनेतील उणिवेची ही एक प्रकारे कबुलीच म्हणावी लागेल.

नगरही जुन्या हवाई छायाचित्रांच्या आधारे परिश्रमपूर्वक उभारलेले आहे. परंतु तपासाबाहेर तेथे करण्यासारखे थोडेच आहे.

शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत नाहीत, हा आक्षेप २०११ मध्येच पुढे आला व त्याच वर्षी संस्था बंद पडली. कृतीच्या गुणदोषांची चर्चा करताना या वगळलेल्या नावांचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.