ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

आम्ही सांबरेकर निपाणीमार्गे अंबाबाईच्या दर्शनास जातो. पण पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीपाशी क्वचितच थबकतो. सन १९४० नंतरच्या दशकात तेथे भूमीतून काशाच्या ज्या वस्तू निघाल्या, त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन होता. मूर्ती लहानशी, सातवाहनकाळी बहुधा कोकणच्या बंदरातून घाट चढून आलेली. समुद्राच्या देवाला मुक्काम मिळाला तो देशावर!

यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडील इतरांनाही ते नाव पडले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, तीही सिंहध्वज, धर्म अशी. जुन्नरला इरिल नामक यवनाने पाण्याची दोन टाकी दिली.

ही दाने बौद्ध संघाला होती. आमच्या मनाला अधिक भिडतो तो विदिशेचा गरुडध्वज. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास यवन राजा अंतलिकिताचा वकील, तक्षशिलेचा हेलिओदोर, याने तो देवदेव वासुदेवाप्रीत्यर्थ उभारला आणि त्यावर स्वतःस ‘भागवत’ म्हणविले. देवळात कोणी कोठवर यावे यावरून आपल्याकडे किती कलह झाले! तेथील पुजाऱ्यांनी मात्र या परदेशस्थाला देवापुढे ध्वज रोवू दिला. त्या देवळाचा लंबवर्तुळाकार पाया १९६३ नंतरच्या उत्खननात उघडा झाला.