बेरियमच्या डब्याची उंची
मी वसमतचा. नोकरीची सगळी वर्षं एक्स-रे विभागात गेली. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याच्या आधीपासून कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची माणसं आतड्याच्या फोटोसाठी नांदेड गाठायची. आदल्या रात्री एरंडेल, सकाळी उपाशीपोटी एसटी आणि मग गार टेबलावर बेरियमचा एनिमा, म्हणजे टांगलेल्या डब्यातून नळीनं गुदद्वारावाटे आतड्यात सोडलेलं बेरियमचं पाणी.

साध्या एक्स-रेत आतडं नीट उमटत नाही. १९०४ साली म्युनिकच्या हर्मान रीडर यांनी त्यासाठी बिस्मथ सबनायट्रेट वापरलं. फोटो छान आले, पण पुढच्या काही वर्षांत काही रुग्ण निळे पडून दगावले. आतड्यातले जंतू त्या औषधाचं नायट्राइट करत, मग रक्त प्राणवायू वाहीनासं होई. १९१० मध्ये त्याच्या जागी बॉनहून बेरियम सल्फेट आलं. ते विरघळत नाही, म्हणून अंगात भिनत नाही. बेरियम कार्बोनेट मात्र उंदीर मारायचं विष, आणि बाटलीची चूक जिवावर बेतली आहे. पुढे चित्र ठसठशीत यावं म्हणून बेरियमात टॅनिक ॲसिड घालू लागले. त्यानं यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आणि अमेरिकेनं १९६४ मध्ये ते थांबवलं. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी फुगवायच्या रबरी फुग्याची जीवघेणी ॲलर्जीही अशीच ध्यानात आली. १९९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्याबद्दल इशारा दिला.

मला खरी धास्ती असायची आतडं फाटण्याची. हजारो तपासण्यांत एखाद्याच वेळी घडतं, पण विष्ठेसकट बेरियम पोटात सांडलं की माणूस वाचवणं कठीण. व्रणानं किंवा तपासणीसाठी नुकत्याच काढलेल्या तुकड्यानं आतड्याची भिंत नाजूक झालेली असते. त्यात फुगा जास्त फुगवला, डबा उंच टांगला, की दाब वाढतो. म्हणून डबा टेबलापासून मीटरभराच्या आतच ठेवायचा. आमचे डॉक्टर अंधारातही आधी डब्याकडे बघत.

आपल्याकडची माणसं मात्र डॉक्टरांसमोर कण्हत नाहीत. हळदीच्या रानात राबणाऱ्या एका मावशी डोळे मिटून, मुठी आवळून पडल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, दुखतंय का?” त्या म्हणाल्या, “चालू द्या साहेब, तुमचा खोळंबा नको.” मी तिथंच नळीचा चिमटा लावला. दुखणं हीच पहिली सूचना असते, ती आदरापोटी गिळायची नसते.

आज दुर्बीण आणि सीटी आले आहेत. त्यातही आतड्यात हवा भरतात आणि क्वचित आतडं फाटतंही. तेव्हा टेबलावर चढण्याआधी, अलीकडे आतड्याचा तुकडा काढला असेल किंवा रबराची ॲलर्जी असेल तर सांगा. दुखलं तर लगेच बोला. घरी गेल्यावर पोट कडक झालं, ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.