काचेचा हौद आणि मामा तलाव

'मामा तलाव' म्हटले की वर्गात हसू फुटते. कोणाच्या मामाचा, हा प्रश्न ठरलेलाच. 'माजी मालगुजारी तलाव' या सरकारी नावाचे हे लोकांनी केलेले लघुरूप. त्यातला 'माल' अरबी, 'गुजार' फारसी. गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा शब्द म्हणजे आयता धडा. पण या तलावांत विज्ञानाचाही एक धडा आहे. दुकानातून काचेची टाकी आणून त्यात हिरवी बाग फुलवू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असे मला वाटते.

चांद्याच्या गोंड राजांनी तलावाला राज्यकारभाराचा भाग बनवले होते. हीरशहा राजाने असा रिवाज घातला की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळेल. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. आज चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. तिथून रोज ये-जा करणाऱ्या कितीजणांना या नावामागचे पाणी आठवत असेल? पूर्व विदर्भात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता, तर तलावातल्या मासोळीची आणि वनस्पतींची खडान्‌खडा माहिती ढिवर समाजाला होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. धानाला पाणी, गुरांना पाणी, घराला मासोळी, अशी त्यांची व्यवस्था होती.

मासे पाळण्याची आणखी एक परंपरा आपल्या ओळखीची आहे. 'हौद' हा शब्द अरबीतून आला. उर्दूत आपण 'हौज' म्हणतो. मशिदीत वजूसाठी हौज असतो आणि अनेक ठिकाणी त्यात मासे सोडलेले असतात. मुंबईच्या काळबादेवी भागातली जुमा मशीद तर एका जुन्या तलावावरच उभी आहे आणि तिच्या हौजातले मासे प्रसिद्ध आहेत. औरंगाबादच्या पाणचक्कीचा हौदही असाच. पण या दोन्ही हौदांना बाहेरून पाणी मिळते. मुंबईत जमिनीतले झरे आहेत, तर औरंगाबादेत दुरून नहर आणलेली आहे. पाणी बदलत राहते म्हणून मासे जगतात. प्रश्न उभा राहतो तो पाणी कोंडले की. चार काचांच्या आत ना झरा, ना नहर. तिथे मासा जगणार कसा?

या प्रश्नाचे उत्तर युरोपात टप्प्याटप्प्याने सापडले. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने दाखवले की, पाण्यात बुडवलेल्या वनस्पती उन्हात बुडबुडे सोडतात, अंधारात नाही. तो वायू म्हणजे प्राणवायू. पुढे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. १२ गॅलनचे, म्हणजे सुमारे ५४ लिटरचे, काचेचे भांडे त्याने निम्मे भरले. तळाशी वाळू आणि चिखल, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन लहान गोल्डफिश. काही दिवस ठीक गेले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर शेवाळ चढले, पाणी गढूळ झाले. त्यावर त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पती, मासा आणि सफाई करणारा जीव, असा तिघांचा हिशेब जुळला. तीन वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे.

आज टाकीत दगड, लाकूड आणि वनस्पती मांडून जंगलासारखा देखावा उभा करण्याची जी कला जगभर पसरली आहे, तिला वळण दिले जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. ते छायाचित्रकार होते. निसर्ग नीट पाहिल्याशिवाय टाकी नीट मांडता येत नाही, ही त्यांची शिकवण.

आता गंमत बघा. वॉरिंग्टनने वापरलेली व्हॅलिस्नेरिया आपल्या मामा तलावांत पूर्वापार वाढते. लांब फितीसारखी तिची पाने. मादीफूल लांब देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते, नरफुले तळाशी सुटतात आणि तरंगत तिच्याकडे जातात. दुकानात पैसे मोजून आपण हीच वनस्पती विकत घेतो.

शाळेत मुलांसाठी आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी मांडली. तीही सुमारे ५४ लिटरचीच. तळाशी चाळलेली काळी माती इंचभर, तिच्यावर धुतलेली नदीची वाळू दीड इंच, म्हणजे माती वर उठत नाही. मागे उंच वनस्पती, पुढे बुटक्या, दगड मधोमध न ठेवता जरा बाजूला. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग भरले. दिवा रोज सात-आठ तास. त्यानंतर महिनाभर एकही मासा सोडला नाही. मुले रोज विचारत, 'सर, मासे कधी?' पण माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि त्याचे निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट वनस्पती खातात. शिवाय आपला उन्हाळा आहेच. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३५ अंशांवर जेमतेम ७. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात मासे थोडेच बरे. आधी माती, मग वनस्पती, मग सूक्ष्मजीव, सर्वांत शेवटी मासा. हा क्रम मोडला की टाकी मरते.

नेमका हाच क्रम आपण तलावांत मोडला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी जाणे योग्यच होते. पण तलाव हा केवळ पाणी साठवण्याचा खड्डा असल्यासारखा कारभार सुरू झाला. मत्स्यव्यवसाय म्हणजे बाहेरून आणलेले रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडणे, असे समीकरण बनले. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरतो. काठावर बेशरम माजली. वनस्पती गेल्या, त्यांच्या आडोशाला अंडी घालणारी स्थानिक मासोळी गेली आणि ढिवरांच्या घरातली चूल थंडावली.

गोंदिया-भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन उलट वाट धरली. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, तलावाच्या पोटातली जमीन नांगरायची आणि पावसाचे पाणी आले की देशी पाणवनस्पती लावायच्या. त्यात हायड्रिला होती आणि व्हॅलिस्नेरियाही. ज्यांना शाळेने अडाणी ठरवले होते, त्यांच्याच स्मरणातून कोणती वनस्पती कुठे लावायची हे ठरले. अमानोंचे नाव न ऐकलेल्या माणसांनी एकरा-एकरांच्या टाक्या मांडल्या आहेत.

घरी टाकी मांडणाऱ्यांवर एक जबाबदारी मात्र येते. टाकीतले काहीही तलावात वा नाल्यात टाकू नये. आपल्याकडची साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेच्या फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या नद्या-तळ्यांना तिने विळखा घातला. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्याकडे तेच केले. चंद्रपूरचा गोंडकालीन रामाळा तलाव जलपर्णी आणि सांडपाण्याने कोंडला, तेव्हा २०२१ मध्ये इको-प्रोच्या बंडू धोत्रे यांना त्यासाठी अन्नत्याग करावा लागला.

घरातला काचेचा हौद चार-पाच हजारांत होतो. बिघडला तर आपण नवा मांडू. तुकुमाच्या वचनावर पिढ्यांनी बांधलेला तलाव बिघडला, तर तो कोणत्या दुकानात मिळणार? मुलांना टाकी जरूर मांडू द्या. पण महिनाभर मासे न सोडता थांबायचे असते, तेव्हा त्यांना एकदा गावच्या तलावावर न्या. पाण्यात काय उगवते, हे तिथल्या ढिवर काकांना विचारू द्या.