मुलाच्या ताब्याची तडजोड

कौटुंबिक न्यायालयात आईवडिलांचे जुळले की वकील ‘कन्सेंट टर्म्स’ दाखल करतात. मूल कोणाकडे राहणार, दुसऱ्याला कोणत्या शनिवारी भेटणार, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार, सारे कलमवार. खाली नवराबायकोच्या आणि वकिलांच्या सह्या. ज्याच्यासाठी हा कागद, त्याची सही मात्र त्यावर नसते. म्हणूनच न्यायालय तो नुसता नोंदवून घेत नाही, तपासतेही.

या तपासणीचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. तिथे मुलांवर हक्क बापाचा. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने १८३६ मध्ये तिच्यापासून तोडली. तिच्या झगड्यातून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालचे मूल आईच्या ताब्यात देण्याचा अधिकार चॅन्सरी न्यायालयाला मिळाला. तरीही बापाने राजीखुशीने करार करून मूल आईला दिले, तर तसा करार न्यायालयात टिकत नसे. बापाला आपला हक्क सोडताच येत नाही, अशी समजूत. १८७३ च्या कायद्याने ती मोडली. केवळ मूल आईकडे दिले म्हणून करार रद्द ठरणार नाही, असे त्यात आले आणि लगोलग परंतुकही जोडले गेले: मुलाच्या हिताचा नसेल, तर कोणतेही न्यायालय तो करार अमलात आणणार नाही. माझ्या लेखी खरा वारसा त्या परंतुकाचाच.

आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने अज्ञान मुलाच्या कल्याणाचा विचार न्यायाधीशावर सोपवला. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. १९८४ च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले.

पण कळीचा निकाल त्याआधीचा, १९७३ चा. जमिनीच्या दाव्यात संमतीचा हुकूमनामा सही करणाऱ्याला बांधून टाकतो. मुलाच्या ताब्याचे तसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: असे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात आणि संमतीने झालेले असले तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतात. चौथ्या वर्षी सोयीची वाटलेली व्यवस्था चौदाव्या वर्षी जाचक होऊ शकते, हे त्यात गृहीत आहे.

तेव्हा ‘तू सही केली होतीस’ एवढ्यावर कोणी तुम्हाला गप्प करत असेल, तर गप्प बसू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो.