गोमतीकाठचे मराठीपण

परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी माणसाविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनीच लिहिले जाते: त्याने गणेशोत्सव राखला याचे कौतुक, अथवा त्याची मुले मराठी विसरली याची हळहळ. लखनौच्या निशातगंजात काही वर्षे बिऱ्हाड केल्यावर या दोन्ही मापांचा अपुरेपणा मला जाणवू लागला. गोमतीचा पूल ओलांडून कैसरबागेत गेले की भातखंड्यांच्या नावाची संगीतसंस्था लागते. तिचा इतिहास या मापांत बसत नाही.

विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे. ज्या चिजा त्यांनी गायकांकडून मिळविल्या त्या बहुतांशी ब्रज-हिंदीतल्या. पण त्यांचे शास्त्र उलगडणारी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, चार भागांत, मराठीत लिहिली. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस कॉलेज निघाले. उत्तरेतील विद्यार्थ्यांच्या हाती हा ग्रंथ पुढे पडला तो हिंदी अनुवादाच्या रूपाने. त्यांतील कित्येकांना तो मुळात मराठी आहे याची वार्ताही नसावी. याला विलय म्हणावयाचे की विस्तार?

भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या संस्थेचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. ‘सुजान’ या मुद्रेने त्यांनी बांधलेल्या बंदिशींची भाषा प्रामुख्याने ब्रज. बैलहोंगलचे के. जी. गिंडे अगदी लहान वयात त्यांच्या घरी राहावयास गेले आणि तेथे मिळविलेली विद्या त्यांनी पुढे मुंबईत, वल्लभ संगीतालयात, शिकविली. म्हणजे जे गेले ते परतलेही, आणि अधिक होऊन परतले.

संगीतात शब्द दुय्यम, साहित्यात तसे चालत नाही, असा आक्षेप यावर संभवतो. आणि तो खरा आहे. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. मातोश्रींना प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे दोघेही प्रिय होते. आपले वाङ्मयेतिहास धाकट्यांची दखल घेतात आणि थोरल्यांना परक्या फडताळात ठेवतात. मला हा हिशेब कोता वाटतो. हानी लेखकाने भाषा बदलण्यात नाही. घरातले वाचन थांबते तेथे ती आहे.

निशातगंजात माझ्या शेजारी एक मराठी कुटुंब होते. तेथली नात ‘भूक लागून राहिली आहे’ असे हिंदी वळणाचे मराठी न अडखळता बोले. वाचावयास मात्र ती मराठी कधी शिकली नव्हती. पणजोबांच्या रोजनिशीच्या तीन वह्या तिने एके दिवशी माझ्यापुढे ठेवल्या. लिपी बाळबोध होती, अक्षरेही तिला लागत होती; अर्थ लागत नव्हता. “काका, याचं हिंदी करून द्याल का?” असे तिने मराठीतच विचारले.

आजवर एक वही पुरी झाली आहे.